पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आई आता बरी आहे. घसा मोकळा झाला, जेवण नीट जातंय आणि ताज्या सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी 6,200 आल्या. हे कळवायचं होतंच, पण त्याहून जास्त तुमच्या त्या फोनचे आभार मानायचे आहेत.

ताप आणि घसादुखी म्हणून तपासणी केली होती. संसर्गात पांढऱ्या पेशी वाढतात, एवढंच आम्ही ऐकून होतो. मोठ्या माणसात त्या साधारण 4,000 ते 11,000 असतात. आईच्या निघाल्या 1,400. मशीनचा आकडा तसाच पुढे न पाठवता तुम्ही स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिलीत, फोन लावलात आणि पहिलाच प्रश्न केलात, "आईंना गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

थायरॉइड वाढलेला म्हणून कार्बिमाझोल नुकतीच सुरू झाली होती. "पुढची गोळी देऊ नका, आत्ताच त्यांच्या डॉक्टरांना गाठा," तुम्ही म्हणालात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त 6 टक्के, म्हणजे 1,400 पैकी 84. हा आकडा 500 च्या खाली गेला की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. क्वचित कुणाला ही गोळी असा त्रास देते, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि ताप-घसादुखी हीच त्याची पहिली खूण असते, हे तुमच्याकडूनच कळलं. त्याच रात्री आई दाखल झाली, अँटिबायोटिक सुरू झालं.

भावाच्या मनात ब्लड कॅन्सरची धास्ती होती. घाईच्या वेळीही तुम्ही त्याला झिडकारलं नाहीत. स्लाइडवर कच्च्या पेशी नाहीत, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स ठीक आहेत, त्यामुळे तो संशय मागे पडतो, पण शेवटचा निर्णय डॉक्टरच देतील, असं स्वच्छ सांगितलंत. डेंग्यूसारखा विषाणूचा ताप, बी-12 ची कमतरता, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार), केमोथेरपी यांनीही पांढऱ्या पेशी घटतात. उलट स्टेरॉइड, सिगारेट, गरोदरपण यांत संसर्ग नसतानाही वाढतात. एवढं ऐकल्यावर त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. मला तर वाटतं, औषधांची यादी सीबीसीच्या फॉर्मवरच लिहून घ्यायला हवी.

तुम्ही बजावल्याप्रमाणे आईच्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय: 'कार्बिमाझोल पुन्हा कधीही देऊ नये.'

तुमची ऋणी,
एका पेशंटची मुलगी