कानबाई होऊ द्या, मग हिरवळीचं बी टाकू

धुळे

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आले तेव्हा अण्णांनी नव्या घरापुढची मोकळी जागा दाखवली आणि इथं हिरवळ करायची असं सांगितलं. परवा आईकडून कळलं की गवताचं बी मागवायचंही ठरलंय, पहिला पाऊस पडला की फेकून द्यायचं. म्हणून घाईनं लिहितेय. कागदावर असलं म्हणजे अण्णांना हवं तेव्हा काढून बघता येईल.

अण्णा, बी आत्ता टाकू नका. हा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा नुसता जमिनीला द्या. श्रावणात आपल्या घरी कानबाईदेवीचा उत्सव झाला की बी टाकू.

आईसाठी सांगतेय हे. तिनं जन्मभर कापसात आणि भुईमुगात वाकून निंदणी केली. आता शेत बटाईनं दिलंय, तिच्या कमरेला पट्टा आलाय. मृगात बी फेकलं तर त्याच्या आधी लव्हाळा, ते जमिनीत गाठी धरणारं तण, वर येईल, मागोमाग केना, दुधी, घोळ. हिरवळ करायची ती हराळीची, आणि हराळीचं रोप उगवताना केसासारखं बारीक असतं. त्याला धक्का न लावता तण काढायचं म्हणजे बसून एकेक काडी वेचावी लागते, आणि ते काम कोण करत बसेल हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. आईच्या हातात पुन्हा खुरपं येऊ नये, एवढ्यासाठी तीन महिने थांबा.

एकादशीला अमळनेरात सखाराम महाराजांचा रथ आहे. त्या गर्दीतून मोकळे झालात की दोन मजूर लावा. आधी बांधकामाचा राडारोडा उचलून घ्या: विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, चुन्याचे ढीग. वरून माती लोटून ते झाकू नका, तिथं गवत कायम पिवळं राहतं. मग कुदळीनं वीतभर खोल खणून ढेकळं तशीच उलटी टाका, फोडू नका. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात. वर आल्या आणि आपल्याकडचं त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन त्यांना मिळालं की त्या वाळून मरतात. आठ-दहा दिवसांनी ढेकळं एकदा परतवा. वैशाखातल्या उन्हासारखं तणनाशक दुकानात मिळत नाही, आणि ते फुकट आहे. या दिवसांत त्या जागेवर पाण्याचा थेंब पडू देऊ नका. ओल मिळाली की गाठ पुन्हा जीव धरते.

रोहिणी संपत आल्या की ढेकळं फोडा, हाताला लागतील त्या गाठी आणि मुळ्या वेचून जाळा आणि जागा सपाट करा. उतार घरापासून रस्त्याकडे हवा, पन्नास फुटांना अर्धा ते एक फूट पुरतो. काळ्या मातीत पाणी साचलं तर मुळं सडतात, म्हणून कुठंही खळगा ठेवू नका. शेणखत घालाल, पण ते चांगलं कुजलेलं, मातीसारखा वास येणारं असावं. दहा फूट बाय दहा फूट जागेला चाळीसेक किलो धरा. उकिरड्याच्या वरच्या थरातलं कच्चं खत आणि मेंढ्यांच्या लेंड्या यातून तणाचं बी येतं, कारण जनावराच्या पोटातून गेलं तरी पुष्कळ बी जिवंत राहतं. तो वरचा थर शेतात जाऊ द्या.

पुढचं काम तुम्हाला शिकवायची गरज नाही. पेरणीआधी पाऊस पडू द्यायचा, तण उगवलं की वखराची पाळी घालायची, पुन्हा उगवलं की पुन्हा पाळी, हे तुम्ही आयुष्यभर केलंय. अंगणातही तेच करायचं, फक्त वखराऐवजी खुरपं किंवा दाताळं. पहिल्या पावसानंतर जे हिरवं होईल ते दोन-तीन पानांवर असतानाच वरवर खरवडायचं, आणि त्यासाठी माणूस लावायचा, आईला नाही. एकच पथ्य आहे: या वेळी खोल खणू नका. खोल खणलं की खालचं निजलेलं बी वर येतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वरच्या बोटभर मातीतलं बी उगवून संपवायचं, एवढाच यामागचा विचार. लव्हाळा मात्र खरवडून भागत नाही, नुसतं पान उपटलं तर गाठ खाली राहते आणि पुन्हा फुटते. तो दिसेल तिथं खुरप्याच्या टोकानं गाठीसकट काढायचा. आषाढ संपेपर्यंत अशा दोन-तीन पाळ्या सहज होतील.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल तेव्हा अख्खी भाऊबंदकी आपल्याकडे असणार. मांडवाचे खांब, चपला, रोटांच्या पंगती, पोरांची पळापळ. कोवळं गवत त्यात एक दिवस टिकणार नाही. आणि कोणाला अंगणात पाय ठेवू नका असं आपल्या घरी म्हणताही येणार नाही. कानबाईचं विसर्जन झालं की जागा मोकळी होते, मोठ्या सरींचा जोर ओसरत आलेला असतो आणि जमीन अजून उबदार असते. हराळीला ऊब लागते. पुढं दिवाळीपर्यंत वाढायला भरपूर दिवस मिळतात. थंडी पडली की हराळीची वाढ थांबते. धुळ्यात पारा दहाच्या खाली गेला की आमच्या अंगणातली हिरवळ तपकिरी पडते आणि होळीच्या सुमाराला पुन्हा फुटते. तुमच्याकडेही तसंच होईल, गवत मेलं असं समजून उकरू नका.

अण्णा म्हणतील, बांधावर हराळी हवी तेवढी पडलीय, बी विकत कशाला? बांधावरची हराळी रोवता येते, पण तिच्या मुळाशी चिकटलेल्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी घरात येतात. इथं देवपुरात आमच्या शेजाऱ्यांनी तयार गवताच्या चटया आणून अंथरल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यात हराळी कमी आणि लव्हाळा जास्त दिसायला लागला. बियाचं तसं नाही, चांगल्या पाकिटातलं बी स्वच्छ असतं. टरफल काढलेलं घ्यायचं, ते लवकर उगवतं. आपल्या वीस बाय पंचवीस फुटांच्या जागेला पाव ते अर्धा किलो पुरे. एवढंच का, असं वाटेल, पण एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे असतात. दाट टाकलं तर रोपं एकमेकांनाच मारतात. निंबाखाली मात्र टाकू नका. हराळीला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन हवं, सावलीत ती विरळ होत जाते आणि तिथून तण शिरतं. निंबाखाली आईची बाज राहू द्या.

पेरायला मी स्वतः येईन. बियाच्या चार-पाचपट कोरडी वाळू मिसळून अर्धं उभं आणि अर्धं आडवं फेकायचं, म्हणजे पट्टे पडत नाहीत. त्याआधी सिंगल सुपर फॉस्फेट खत वरच्या मातीत मिसळलं तर मुळं चांगली धरतात. वरून दाताळं इतकं हलकं फिरवायचं की बी जेमतेम झाकलं जाईल, बोटाच्या पेराएवढंही खोल गेलं तर ते वर येत नाही. मग ओलं बारदान अंथरून ठेवायचं. त्यानं सरीत बी वाहून जात नाही आणि चिमण्याही वेचत नाहीत. आठव्या-दहाव्या दिवशी हिरवी टोकं दिसली की संध्याकाळी बारदान काढायचं. तोवर पाऊस नसेल त्या दिवशी झारीनं तीन-चारदा थोडं थोडं पाणी, नळी कधीच नाही. रोपं धरली की पाणी कमी वेळा आणि जास्त द्यायचं, म्हणजे मुळं खाली जातात. महिन्यानंतर अर्धा किलो युरिया सगळ्या जागेला पुरतो. ओल असताना टाकून लगेच पाणी द्या.

आता तणनाशकाचं. अण्णा, तुमच्या खोलीत टू-फोर-डीची बाटली बघितली मी. ती अंगणात वापरू नका. कोवळी हराळीसुद्धा त्यानं जळते, आणि कुंपणापलीकडे बटाईदाराचा कापूस आहे. कापसाला या औषधाचा वाऱ्यावर आलेला अंशही सहन होत नाही. पानं बोटांसारखी लांबट, चिरलेली होतात आणि बोंडं धरत नाहीत. पंप नीट धुतला नाही तर पुढच्या फवारणीतही तेच होतं. ग्लायफोसेट तर तण आणि हराळी यांत फरकच करत नाही.

कापणी हेच पुढचं औषध. गवत दोन-अडीच इंच झालं की वरचा एक तृतीयांश भाग कापायचा, कधीच जास्त नाही. साधारण नवरात्राच्या आसपास पहिली कापणी येईल. वारंवार कापलं की हराळी आडवी पसरते आणि उंच वाढणारी तणं फुलायच्या आत संपतात. शेतात हराळी शिरण्याची अण्णांची भीती खरी आहे, म्हणून कुंपणाच्या कडेनं वीतभर खोल शहाबादी फरशीची उभी पट्टी गाडून घ्या आणि तुरे येऊ देऊ नका.

गाजरगवत एकही राहू देऊ नका. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे, कारण एका झाडाला दहा-पंधरा हजार बी धरतं. आईच्या हातावरचं पुरळ आणि अण्णांचा दमा, दोघांनाही ते वाईट. फुलायच्या आधी, ओल असताना, गड्याला हातमोजे देऊन मुळासकट काढून घ्या. आईनं हात लावायचा नाही. घोळ मात्र तिनं खुशाल खुडावी, तिच्या हातची घोळीची भाजी मला हवीय.

पाण्याचा हिशोबही मी करून ठेवलाय. पाऊस नसताना एवढ्या जागेला आठवड्याला हजार-बाराशे लिटर लागतं, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. पुढच्या एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी कमी असेल तर हिरवळीला देऊ नका, पिवळी पडू द्या. एकदा मुळं खोल गेलेली हराळी जमिनीत जिवंत राहते आणि पहिल्या पावसात फुटते. प्यायचं आणि गुरांचं पाणी आधी.

ढेकळं उलटी झाली की भाच्याला फोटो पाठवायला सांगा, गाठी किती वर आल्या ते बघून पुढचं ठरवू. बी मागवू नका, धुळ्याहून मी घेऊन येते. आईनं कमरेचा पट्टा रोज बांधावा आणि अण्णांनी पंप घेऊन अंगणात जाऊ नये, एवढं ऐका.

तुमची लेक