घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार?

महोदय,

मागच्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास वडील घरीच गेले. सर्वांत आधी लागला तो डॉक्टरांचा दाखला. नेहमीचे डॉक्टर परगावी. आणखी दोघांनी ‘आमचा पेशंट नव्हता’ म्हणून नकार दिला. सही मिळेपर्यंत अकरा वाजले. तोवर आई उशाशी बसून त्यांचा चष्मा पदराने पुन्हा पुन्हा पुसत होती. तिला धड रडताही आलं नाही. कोणी ना कोणी येऊन आधारकार्ड मागत होतं.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला विनाशुल्क द्यायचा असतो. नोंदणी २१ दिवसांत करायची असते. पण तेच डॉक्टर हाताशी नसतील तर? प्रत्येक प्रभागात रात्रीसाठी एक डॉक्टर नेमावा आणि त्यांचा नंबर स्मशानभूमीच्या फाटकावर ठळक लिहावा, ही नगरपालिका-महापालिकांना कळकळीची विनंती.

आणि नातेवाइकांनाही एक विनंती. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी सकाळी आईने सवयीने दोन कप चहा टाकला आणि दुसऱ्या कपाकडे बघत राहिली. खरं तर त्यानंतर यायला हवं.

– एक वाचक, सांगली