लिंब आणि रस्ता: ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही पोरींना अल्टिमेट फ्रिस्बी (डिस्क, म्हणजे चकती, एकमेकींकडं फेकत पुढं न्यायचा खेळ) शिकवून परत गेलात, तरी परभणीच्या मैदानावर संध्याकाळी पोरींची हाक ऐकू येते: "लिंब! लिंब!" हे पत्र त्या एका शब्दासाठी आहे.

तुमच्या आधी आलेल्यांनी लेकरांना टी-शर्ट वाटले, फोटो काढले आणि कडेला उभं राहून "फोर्स फोरहँड" असं ओरडत राहिले, म्हणजे फेकणारीला तिच्या फोरहँडच्या बाजूलाच फेकायला भाग पाडा. कुणी चुकलं की सगळ्यांदेखत "डोकं आहे का?" तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी विचारलंत, "या बाजूला काय आहे गं?" लिंबाचं झाड. "आणि तिकडं?" रस्ता. झाली फोर्सची नावं! डिस्क डावखुऱ्या पोरीकडं गेली की फोरहँडची बाजू उलटी होते, संघांनी मैदानाची टोकं बदलली की पुन्हा उलटी. लिंब जागचं हलत नाही. सातही जणींना एकच बाजू कळली, तिथंच निम्मा डिफेन्स झाला.

उरलेला निम्मा मार्करच्या, म्हणजे फेकणारीसमोर उभं राहून तिला अडवणारीच्या, पायांत. लिंब म्हटलं की रस्त्याकडची बाजू अडवायची, फेकणारीपासून निदान डिस्कच्या रुंदीएवढं अंतर ठेवायचं, गुडघे वाकवून पायांनी सरकायचं. हातानं झेप घेतली की एका हुलकावणीत डिस्क रस्त्याकडून निघून जाते, आणि मागच्या सहाजणी मार्करच्या भरवशावर लिंबाकडं उभ्या असतात. म्हणून अडवलेल्या बाजूनं डिस्क निघून गेली की तुम्ही मागच्यांना नाही, आधी मार्करचे पाय बघायचात.

आपल्याकडं डिस्क असली की उभा स्टॅक: पाचजणी मधोमध रांगेत, दोन्हीकडच्या गल्ल्या मोकळ्या. शेवटच्या पोरीनं आधी एंड झोनकडं (जिथं डिस्क झेलली की गुण मिळतो त्या टोकाच्या पट्ट्याकडं) चार पावलं खरंच जीव तोडून पळायचं, डिफेंडर मागं ओढली गेली की वळून डिस्ककडं यायचं. नाही मिळाली तर लगेच गल्ली सोडायची, रेंगाळलं की दुसरीचा कट, म्हणजे डिस्कसाठीची धाव, मेला. स्टॉल, म्हणजे फेकणारीसाठी मार्कर मोठ्यानं मोजते तो आकडा, सहावर गेला की पुढं बघणं सोडून डंपकडं, म्हणजे मागं जवळ उभ्या असलेल्या आपल्या पोरीकडं, वळायचं. नवावर घाबरून फेकलेली डिस्क बहुतेकदा समोरच्यांचीच होते.

वारं सुटलं की तिघींचा कप, म्हणजे फेकणारीभोवती अर्धगोल घेरा. त्यातही मार्कर सोडून बाकी दोघी तीन मीटर लांब, हे तुम्ही पावलं टाकून मोजून दाखवलंत.

या खेळात खेळाडूच रेफरी. सरावात तुमचा धक्का लागला तेव्हा पोरगी गप्पच राहिली, तुम्हीच हात वर करून म्हणालात, "फाऊल माझा, डिस्क तिची." मोठ्या माणसानं लेकरांपुढं चूक कबूल करणं इथं फारसं दिसत नाही. चांगुलपणा चांगुलपणा म्हणतात तो हाच, ताई. त्या दिवसापासून पोरी मोकळेपणानं प्रश्न विचारायला लागल्या.

आता आडव्या स्टॅकसाठी या. तीन हँडलर (मागं राहून डिस्क फेकणाऱ्या) कोण, चार कटर (पुढं धावून डिस्क घेणाऱ्या) कोण, याची यादी पोरींनी आत्ताच करून ठेवलीय.

तुमचे,
परभणीच्या मैदानावरचे सगळे