डॉक्टरची गरज नाही म्हणून मशीन विकलं, त्याची तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचं मशीन डॉक्टरला न दाखवता विकणे, चुकीचा मास्क देणे आणि आता वॉरंटी नाकारणे

नमस्कार साहेब,

मी सेलूहून लिहितेय, जिल्हा परभणी. मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या इथल्या मंगल कार्यालयात तुमच्या कंपनीनं घोरण्याच्या तपासणीचं शिबिर लावलं होतं, तिथून आम्ही आमच्या मालकांसाठी म्हणजे माझ्या मिस्टरांसाठी तुमचं सीपॅप मशीन घेतलं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं, ३८ हजारांचं, १० हजार रोख भरले अन् बाकीचे हप्त्यावर. हप्ता एकदाही चुकलेला नाही हे आधीच सांगते, कारण फोन केला की तुमची माणसं सगळ्यात पहिलं हप्त्याचंच विचारतात.

मालकांचं घोरणं आजचं नाही, आमची लेकरं त्याच आवाजात मोठी झाली. मला भीती घोरण्याची नव्हती, घोरणं मधीच बंद पडायचं त्याची होती. एकदम सामसूम, छाती पोट हलतंय पण नाकातोंडातून वारा नाही, मी अंधारात मोजत बसायची, एक, दोन, तीन, कधी पंधरा, कधी पंचवीस, अन् मग हिसका देऊन घशातून मोठा आवाज काढून श्वास परत यायचा. सकाळी डोकं जड, बीपीची गोळी चालू, रात्रीतून तीनदा लघवीला उठणं, अन् दिवसा बसल्या जागी डुलकी. ते टेम्पो चालवतात. दसऱ्याच्या टायमाला मानवतला रुईच्या गाठी टाकून परत येताना डोळा लागला अन् टेम्पो रस्त्याच्या खाली उतरला, देवानंच वाचवलं. म्हणून आम्ही शिबिराला गेलो, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

शिबिर मोफत म्हणून लिहिलं होतं पण रिपोर्टचे २५०० घेतले. रात्रभर बोटाला क्लिप, नाकाला नळी अन् छातीला पट्टा लावायला दिला, रिपोर्ट आला एएचआय ३८. तुमच्या माणसानं सांगितलं गंभीर आहे, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास अडतो. मी स्वतः विचारलं की आता कोणत्या डॉक्टरला दाखवायचं, तर म्हणाला ताई डॉक्टरची काही गरज नाही, डॉक्टर पण हेच मशीन देणार, उगं संभाजीनगरला जाऊन पैसे कशाला घालता. त्याच दिवशी मशीन घरात आलं. हवेचं प्रेशर आठ नंबरवर लावून दिलं, एक मोठा मास्क दिला, दहा मिनिटात गडी गेला पण. रिपोर्टच्या खाली डॉक्टरच्या सहीची जागा आहे, ती कोरी आहे, मी तो कागद जपून ठेवलाय अन् फोटो सोबत जोडलाय.

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते मला सांगायचंय. मालकांना मिशा आहेत, भरघोस, अन् मास्क नाकातोंडावरून पूर्ण येणारा अन् एक माप मोठा. मिशीपाशी अन् नाकाच्या वरच्या हाडापाशी वारा सुटायचा, शिट्टी वाजल्यासारखा आवाज रात्रभर, तो वारा सरळ डोळ्यात जायचा, सकाळी डोळे लाल भडक. मी सुती रुमालाची घडी करून मास्कच्या खाली कोंबायची, पट्टे ओढायची तर गालावर वळ पडायचे. त्यात आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, लाईट गेली की मशीन बंद अन् ते झोपेतच घाबरून मास्क ओढून काढायचे. तुमच्या नंबरवर मी पाच वेळा फोन केला, दर वेळी एकच उत्तर, सवय होईल. परभणीला आमचा माणूस नाही, मशीन घेऊन संभाजीनगरला या. तुमच्याकडून दोन फोन आले ते पण फिल्टर घ्या म्हणून.

अन् मालक तर म्हणायला लागले की आपल्याला मशीनच लागू पडत नाही, आपलं असंच जायचं. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आहे. घरात मशीन आहे म्हणजे इलाज चालू आहे असं समजून ते रोज गाडीवर जात होते अन् इलाज तर काहीच चालू नव्हता.

शेवटी संक्रांत झाल्यावर मी ऐकलं नाही, सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं त्यांना संभाजीनगरला नेलं, छातीच्या अन् झोपेच्या आजारांचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडं, मशीन पिशवीत घालून. त्या डॉक्टरांनी आधी मालकांना नाही, मला विचारलं. म्हणाले झोपणाऱ्याला काही माहीत नसतं, शेजारच्यालाच माहीत असतं, तुम्ही सांगा. इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं साहेब, मी मोजायची ते सांगताना मला रडूच आलं. मग त्यांनी टेपनं मालकांची मान मोजली, साडेसतरा इंच भरली, तोंड उघडून घसा बघितला, आठ प्रश्नांचा कागद भरून घेतला, बसल्यावर झोप येते का, टीव्ही बघताना येते का, गाडी सिग्नलला थांबली की येते का असे, २४ पैकी १७ आले, दहाच्या वर गेलं की काळजीचं असतं म्हणाले. थायरॉईड तपासायला दिलं. नळीत फुंकायची टेस्ट केली तर कळलं की फुप्फुसाच्या नळ्या पण अरुंद झाल्यात, वीस वर्षं रुईच्या धुळीत काम अन् आधीची बिडी. म्हणजे आजार एक नाही दोन आहेत, अन् दोन्ही एकत्र असले की रात्री ऑक्सिजन जास्त खाली जातो. तुमच्याच रिपोर्टमध्ये रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला लिहिलंय, डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. हे तुमच्या माणसाला वाचता येत नव्हतं का? का वाचायचंच नव्हतं? आता पंप पण चालू केलाय, जिना चढताना दम लागायचा तो कमी झालाय.

मग मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं, पाच मिनिटाचं काम. वापर सरासरी २ तास ४० मिनिटं, हवेची गळती जवळजवळ रोज लाल रंगात, अन् मशीन लावून पण एएचआय २१. साहेब, मशीन घेताना तुमच्याच माणसानं सांगितलं होतं की ही सगळी माहिती रोज रात्री नेटवरून कंपनीकडं येते. मग तीन महिने रोज ते लाल तुमच्या समोर होतं. एकानं तरी फोन करून विचारायचं ना, ताई काय होतंय, मास्क बसत नाही का.

डॉक्टरांनी एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतलं. डोक्याला, हनुवटीला, पायाला वायरी लावल्या, नाकापुरता छोटा मास्क दिला जो मिशीला अडत नाही, अन् प्रेशर रात्रभर हळूहळू वाढवत नेलं, शेवटी १३ ला श्वास सरळ चालू झाला. १३ म्हणजे १३ सेंटिमीटर पाण्याइतका दाब असं त्यांनी समजावलं, तुम्ही आठच ठेवला होता. मी तिथंच खुर्चीवर होते. पहाटे चारच्या सुमाराला खोलीत इतकं शांत झालं की मी घाबरून उठले अन् छातीवर हात ठेवून बघितलं, तर श्वास एकसारखा वर खाली, वर खाली. सकाळी मालक उठले अन् म्हणाले आज डोकं हलकं आहे.

आता तक्रारीचं खरं कारण. डॉक्टरांच्या टेक्निशियननं मशीन १३ वर सेट करून दिलं. नवीन मास्कला ४२०० पडले. मी तुमच्याकडं जुना मास्क बदलून मागितला तर म्हणता वापरलेला मास्क परत होत नाही, अन् वरून म्हणता सेटिंग आमच्या माणसाशिवाय बदललं म्हणून वॉरंटी गेली. डॉक्टरनं लिहून दिलेलं प्रेशर लावलं म्हणून वॉरंटी जाते, अन् डॉक्टरला न विचारता तुम्ही आठ लावलं ते चालतं, हा कुठला न्याय आहे? वॉरंटी कार्डावर असं कुठंच लिहिलेलं नाही, मी लेकाकडून दोनदा वाचून घेतलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की वॉरंटी चालू आहे हे मला लेखी द्या, मास्कचे ४२०० अन् मोफत सांगून घेतलेले रिपोर्टचे २५०० परत करा. पंधरा दिवस वाट बघते. नाहीतर सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला १९१५ नंबरवर तक्रार करणार अन् परभणीच्या ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या कायद्यानं आता आपल्या राहत्या जिल्ह्यातच केस करता येते अन् एवढ्या रकमेला फी पण लागत नाही, वकिलाला विचारून ठेवलंय.

अजून एक, अन् हे पैशापेक्षा मोठं आहे. त्या शिबिरात आमच्या सोबत आठ दहा जणांनी मशीन घेतलं. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं मशीन कपाटावर पडलंय, सुनेनं वरून साडी झाकून ठेवलीय, अन् काकांना आधीच एकदा हार्टचा त्रास होऊन गेलाय. मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता दिलाय, पण बाकीच्यांची नावं नंबर मला माहीत नाहीत, तुमच्याकडं आहेत. त्या सगळ्यांना फोन करा अन् झोपेच्या डॉक्टरला दाखवून घ्या म्हणून सांगा. अन् इथून पुढं डॉक्टरची सही असल्याशिवाय कुणाच्या घरात मशीन देऊ नका.

सोबत बिल, सहीची जागा कोरी असलेला रिपोर्ट, कार्डातली माहिती अन् डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडलीय. उत्तर पत्रानं द्या, अन् फोन करायचा तर माझ्या नंबरवर करा. रात्री नऊच्या नंतर करू नका, तेव्हा मालक मशीन लावून झोपलेले असतात.

आपली ग्राहक,
सेलू, जि. परभणी