तारतंत्रींच्या ऑनलाइन उजळणीला हातची चाचणी जोडा

महोदय,

परवानाधारक तारतंत्री (वायरमन) व पर्यवेक्षकांची उजळणी ऑनलाइन व्हावी, ही मागणी रास्त आहे. मजुरी बुडत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा विनियम, वायरिंगच्या 'आयएस 732' या भारतीय मानकाची 2019 ची सुधारणा मोबाइलवरही शिकता येते. पण नुसते व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळू नये.

आरसीसीबीचेच, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचेच घ्या. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी सारखी ट्रिप झाली की अनेक जण ती काढून गळतीपासून संरक्षण न देणारा साधा स्विच (आयसोलेटर) बसवतात. हे जीवघेणे आहे! बऱ्याचदा पुढच्या एखाद्या बोर्डात न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला असतो. मेन बंद करावा, उपकरणे काढावीत, आरसीसीबीच्या पुढचे फेज-न्यूट्रल सोडवावेत आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) न्यूट्रल व अर्थमधला रोध मोजावा. तो 1 मेगाओहमपेक्षा कमी आला, तर एकेक सर्किट वेगळे करत गेले की दोष सापडतो. हे हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

ई-वाहनांच्या चार्जरमधून डीसी (एकदिश प्रवाहाची) गळती झाली, तर फक्त एसी गळती ओळखणारी 'एसी' प्रकारची आरसीसीबी बधिर होऊ शकते, म्हणजे गरजेच्या वेळी ट्रिपच होत नाही. हा धडा तर नव्या अभ्यासक्रमात पहिलाच हवा. ऑनलाइन धड्यांनंतर जवळच्या आयटीआयमध्ये अर्ध्या दिवसाची मेगर व अर्थ टेस्टरची चाचणी घ्यावी, मगच परवान्याचे नूतनीकरण करावे.

– एक विद्युत पर्यवेक्षक, नाशिक