पुण्य मिळवायला पक्षी सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका उद्घाटन समारंभाचे छायाचित्र होते. पाहुण्यांच्या हातून उडालेले पांढरे पक्षी आणि खाली ‘शांतीचा संदेश’ अशी ओळ. त्याच पानावर एका कुटुंबाने बाजारातून मुनिया विकत घेऊन आकाशात सोडल्याची कौतुकाची बातमीही होती. मी घरी झेब्रा फिंच (दाणे खाणारे चिमणीहून लहान पक्षी) आणि डायमंड डव्ह (होल्यासारखे लहान पक्षी) पाळतो, त्यांची पिल्लेही घेतो. ‘पक्षी पिंजऱ्यात ठेवणारा हा कोण लागून गेला?’ असे कुणी म्हणेलच. म्हणू द्या.

आधी त्या पांढऱ्या पक्ष्यांविषयी. शर्यतीचे कबूतर सोडले तर ते आपल्या खुराड्यावर परत येते, त्याची पैदासच त्यासाठी केलेली असते. समारंभात मात्र बहुतेकदा लक्का कबुतरे नाहीतर पाळीव पांढऱ्या डव्ह आणतात. लक्क्याच्या शेपटीचा पिसारा एवढा की त्याला धड लांब उडता येत नाही. पांढऱ्या डव्हचे पूर्वज आफ्रिकेतले, आणि ती स्वतः कित्येक पिढ्या माणसाच्या हातचे दाणे खात आलेली. दाणे शोधायचे कुठे, शिक्र्यासारखा शिकारी पक्षी आला तर शिरायचे कुठे, हे तिला ठाऊक नसते. पाहुण्यांची गाडी निघेपर्यंत हे पक्षी जवळच्या पत्र्यावर बावरून बसलेले असतात आणि कावळ्यांनी त्यांना केव्हाच हेरलेले असते. त्याचे छायाचित्र कुणी काढत नाही.

मुनियांचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. त्या आपल्याच माळरानावरच्या, गवताचे बी खाणाऱ्या. त्या बाजारात येतात त्या जाळ्यातून, म्हणून त्यांना रानात परत सोडण्यात पक्ष्याच्या दृष्टीने चूक काहीच नाही. चूक आहे ती पैसे मोजण्यात. सोडण्यासाठी का होईना, गिऱ्हाईक आले की जाळे लावणाऱ्याला पुढच्या खेपेची मागणी मिळते. बुट्टीतल्या दहा सुटतात, त्यांच्या जागी दुसऱ्या येतात आणि वाटेत गुदमरून मेलेल्यांची गणतीच नसते. वर त्यांना हिरवा-गुलाबी रंग फासून ‘विदेशी फिंच’ म्हणूनही विकतात. पिसे विंचरताना तो रंग चोचीवाटे पोटात जातो. असा पक्षी ओळखायचा तर कपाळाकडे बघा. जाळीवर धडका देऊन चोचीच्या मुळाशी कातडी सोललेली असते आणि माणूस जवळ आला की तो कोपऱ्यात एकमेकांवर चढतो. पिंजऱ्यात जन्मलेली फिंच तुमच्याकडे मान वाकडी करून बघत बसते.

झेब्रा फिंच आणि डायमंड डव्ह दोन्ही मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. त्या देशाने १९६० साली रानपक्ष्यांची निर्यात बंद केली. तेव्हा आपल्याकडे मिळतात ते पक्षी पिंजऱ्यातच वाढलेल्यांचे वंशज. छंद म्हणून पाळायचे तर असेच पाळावेत. फिंच मातीच्या लहान मडक्यात काथ्या भरून घरटे करते, राळे आणि बाजरी खाते, अंड्यांच्या दिवसांत समुद्रफेस कुरतडते. डव्हचा संसार अगदीच गबाळा. चार काड्या टाकल्या की झाले घरटे. पण दोनच पिल्ले असतात आणि नर-मादी दोघेही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा घट्ट रस त्यांना भरवतात.

फिंचचे गाणे नर पिल्लू बापाचे ऐकून शिकते. आधी नुसते पुटपुटते, मग तुकडे जुळवते आणि तीन महिन्यांचे होईतो त्याची स्वतःची चाल पक्की होते, ती जन्मभर तीच. बाप नसेल तर गाणे वेडेवाकडे येते. दुकानात वितीभर पिंजऱ्यात कोंबलेल्या पिल्लांना हे कुठून मिळणार? फिंच आडवी उडते, तिला पिंजरा उंच नको, लांब हवा. हे विकणाऱ्यांपैकी फारच थोडे सांगतात.

माझे म्हणणे एवढेच, की जाळ्यातून आणलेल्या आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यांत फरक करायला लोकांना शिकवावे, आणि त्याला साधन आहे: पायातली बंद कडी. पिल्लू साधारण आठवड्याचे असताना पुढची तीन बोटे एकत्र धरून ॲल्युमिनियमची अखंड कडी त्यांवरून सरकवतात आणि मागचे बोट हलकेच बाहेर ओढून घेतात. पुढे पाऊल मोठे झाले की ती निघत नाही. मोठ्या, पकडून आणलेल्या पक्ष्याला ती घालताच येत नाही. कडीवर साल आणि पाळणाऱ्याची खूण असते. आपल्याकडे ही पद्धत हौशी मंडळींपुरतीच आहे. कडी नसलेला पक्षी विकायचा नाही, असा नियम झाला तर खऱ्या पाळणाऱ्यांचे काहीच बिघडणार नाही.

कायदा तसा कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या रानातला पोपट, मैना, मुनिया पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. विदेशी पक्ष्यांपैकी ज्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. जावा चिमणी त्यातलीच. इंडोनेशियातल्या तिच्या मूळ रानात ती पकडून पकडून दुर्मीळ झाली, आणि आपल्याकडे मात्र पावतीशिवाय मिळते. मी एका दुकानदाराला नोंदीविषयी विचारले, तर ‘तुम्ही वनखात्यातले का?’ असा उलट प्रश्न आला.

आपणास विनंती अशी, की समारंभात पक्षी उडवल्याची छायाचित्रे कौतुकाने छापू नयेत. छापायचीच असतील तर ते पक्षी कुठून आणले आणि संध्याकाळी कुठे गेले, हे बातमीदाराने आयोजकांना विचारावे. आणि मुनियांची बुट्टी दिसली तर पाकीट काढण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, एवढी ओळ बातमीखाली द्यावी.

आपला,
एक पक्षीपालक वाचक, मिरज