गाडी चाललेली नाही, हेच तर दुखणं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुमचं एकच टुमणं: "गाडी फारशी चाललेलीच नाही, पहिल्या सेल्फला उठते, मग कशाला तिचा सांगाडा करून ठेवलास?" या विषयावर आपण दोघंही चढ्या आवाजात बोलायला लागतो आणि मग आईला मध्ये पडावं लागतं, म्हणून लिहून पाठवतेय. तुम्हा दोघांना या जुन्या डिझेल फोर व्हील गाडीतून लांबच्या प्रवासाला न्यायचंय, म्हणून तिचं एवढं काम काढलं. चष्मा लावून सावकाश वाचा, मग भांडू.

गाडी चाललेली नाही, हेच तर तिचं दुखणं आहे. किलोमीटरचा काटा पिस्टन, गिअर, बेअरिंग यांची झीज सांगतो. ती कमी आहे, मान्य. पण या गाडीत रबर किती आहे ते खाली सरपटत गेल्याशिवाय कळत नाही. होज पाईप, ऑइल सील, ब्रेकच्या नळ्या, पाट्यांचे (स्प्रिंगांचे) बुश, टायर. गाडी चालो की उभी राहो, यांचं वय वाढतच असतं. उभ्या गाडीत तर सीलवरचं तेल ओघळून जातं, सील कोरडा पडतो, आणि गाडी पुन्हा पळायला लागली की तिथूनच गळती सुरू होते. तुमच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर काय सांगतात? चालत राहा. तेच.

रेडिएटरच्या वरच्या पाईपाचंच सांगते. बाहेरून काळाभोर, कुठे ओल नाही. क्लिपजवळ अंगठ्याने दाबला तर आतून करकर झाली. काढून वाकवला तेव्हा आतल्या अंगाला बारीक भेगांचं जाळं दिसलं, नख फिरवलं की रबराचे कण हातात. गावातल्या गावात तो आणखी बरेच दिवस निघाला असता. पण सामान भरलेलं आहे, चढ संपता संपत नाही, दुसऱ्या गिअरवर इंजिन तापत चाललंय, अशा वेळी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा एखाद्या बारने (बार हे दाबाचं माप) जास्त असतो. रेडिएटरचं झाकण तो मुद्दाम धरून ठेवतं, कारण तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. मग तो दाब कच्ची जागा शोधतो, आणि ती जागा आपण आधीच बघून ठेवलेली आहे. वरचा-खालचा पाईप, हीटरच्या बारक्या नळ्या, थर्मोस्टॅट, झाकण, सगळं नवीन टाकलं. आतून गंज धुऊन काढला आणि निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी भरलं. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एवढ्या थंडीत मी तुम्हाला नेणार नाहीये, पण गंज न धरण्यासाठीसुद्धा तेच लागतं. नुसतं नळाचं पाणी ओतायची तुमची सवय आता बंद.

ब्रेकवरून तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात. "पेडल दगडासारखं कडक आहे" म्हणालात. थंड असताना आहेच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, गाडी उभी असली तरी. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल २३० अंशांच्या आत उकळायचं नाही असा नियम आहे. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक दाबत दाबत आलो की तिथपर्यंतची उष्णता सहज तयार होते, ऑइलची वाफ होते, आणि वाफ तर दाबली जाते! तेव्हा तेच दगडासारखं पेडल थेट तळाला जातं. सपाट रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही, म्हणून तर हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपल्या गाडीतलं काळपट तपकिरी झालं होतं. मागचे ड्रम उघडले आणि व्हील सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलली, तर आत ओल. म्हणजे गळती सुरू झालीच होती, फक्त बाहेर आली नव्हती. चारही चाकांचं काम केलं. इथे मी काटकसर करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

टायरची नक्षी शाबूत आहे हे मलाही दिसतं. पण टायरच्या अंगावर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचायचे: २३१२ असेल तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. काही गाडीकंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, आणि दहा वर्षांपलीकडे तर टायर बनवणारेही वापरू नका म्हणतात, नक्षी कितीही असो. आणि स्टेपनी? ती गाडीखाली लटकून लटकून सगळ्यांत म्हातारी झालेली. पाचही नवे घेतले. चाकं काढून बसवली की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, तेही केलं.

आता तुमचा लाडका छोटा लिव्हर. फोर व्हील लावायचा तो लिव्हर जागचा हलत नव्हता. वर्षानुवर्षं कुणी हातच लावला नाही तर दुसरं काय होणार? पुढचा डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) आणि पुढचा शाफ्ट यांनाही अधूनमधून फिरवावं लागतं, म्हणजे आतलं तेल सगळीकडे पोचतं. तुम्हाला वाटायचं, वापरलं नाही तर टिकेल. लिंकेज धुऊन, ग्रीस भरून तो मोकळा झाला आहे. पण आता तो मोकळा आहे म्हणून कोरड्या डांबरावर लावून दाखवायचा नाही! वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. आपल्या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे तो फरक पचवायला जागाच नाही; सगळा पीळ शाफ्टवर आणि गिअरवर येतो. माती, वाळू, चिखल असला की चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. त्याच लिव्हरचा लो, म्हणजे गाडी अगदी हळू चालवणारी गिअरची जोडी, मात्र उतारावर उपयोगी पडेल. कच्च्या रस्त्याच्या तीव्र उतारावर लोमध्ये पहिला गिअर टाकून पाय ब्रेकवरून काढायचा, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलची तेलं बदलली. मिस्त्री सगळीकडे एकच तेल ओतायला निघाला होता, त्याला थांबवलं. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. तेच जुन्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर त्यातली रसायनं गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात. आणि भरायचा बोल्ट सुटतो का हे आधी बघायचं, मगच खालचा उघडायचा. तेल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट गंजून बसला, की गाडी तिथेच मुक्कामाला. मागच्या डिफरन्शियलची हवा आत-बाहेर जायची ब्रीदर नळी मातीने बुजली होती, ती साफ करून लांब पाईप लावून वर नेली. तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. नळी बंद असेल तर सीलमधून पाणी आत घेतो.

बाकीचं भराभर सांगते. फॅन बेल्ट नवे, जुने धड होते ते जादा म्हणून गाडीत ठेवले. टायमिंग बेल्ट बदलला, कारण तो मागच्या वेळी कधी बदलला हे तुम्हालाही आठवत नाही. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने केलेलं घर रिकामं केलं, शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस भरलं. बॅटरी रात्रभर उभी ठेवून १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. ठीक आहे.

आणि तुमचं एक ऐकलंय. इंजिन उघडलेलं नाही, पंप आणि नोझलना हात लावलेला नाही. धूर साफ आहे, तेल खात नाही, मग तिथे तुमचाच कायदा. टर्बो नाही, त्यामुळे हजार मीटर उंची चढलो की साधारण दहा टक्के ताकद कमी होणार. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

आता टपावरच्या कॅरिअरबद्दल. नको. तुमची यादी वाचली. दोन डिझेलचे कॅन, पाण्याचा कॅन, पेटी, तंबू, खुर्च्या. वीस लिटर डिझेल म्हणजे कॅन सोडून सतरा किलो, तेवढंच पाणी वीस किलो. उंच गाडीच्या टपावर एवढं चढवलं की वळणावर ती डोलते आणि पोट आईचं ढवळतं. जड सामान आत, खाली, मागच्या एक्सलच्या पुढे, पट्ट्यांनी बांधून. मागे फार भरलं की पाटे बसतात, नाक वर होतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. पंप वाटेत मिळणार आहेत, एक कॅन पुरे.

आई, तुझ्यासाठी दाराखाली रुंद पायरी बसवली आहे आणि खांबाला धरायला मूठ. आधी डावा पाय पायरीवर, मग मूठ धरून बसायचं, लोंबकळायचं नाही. दर दोन तासांनी उतरून थोडं चालायचं, तुम्ही दोघांनीही. सारखं बसून पायांच्या शिरांत रक्त साकळतं, त्यामुळे "आत्ताच तर थांबलो होतो" हे कारण चालणार नाही. औषधांची पिशवी मागे सामानात नको आणि डॅशबोर्डवर उन्हातही नको, तुझ्या पायाशी राहील.

एवढं सगळं नवीन बसवलंय म्हणून मी निर्धास्त आहे असं समजू नका. नवीन बसवलेलं सगळंच माझ्या दृष्टीने संशयित आहे: एखादी क्लिप सैल असेल, एखादा भाग मुळातच सदोष निघेल. म्हणून निघण्याच्या बरंच आधी एक छोटी फेरी करायची, दोन दिवसांची. पूर्ण सामान भरून, तुम्हा दोघांना बसवून, थोडा घाट आणि थोडा कच्चा रस्ता. परत आल्यावर मी गाडीखाली पुठ्ठा अंथरून बघणार कुठे काय टपकलंय. आईने फक्त सांगायचं, कुठल्या खड्ड्यात कंबरेला हिसका बसला. त्यावरून मागच्या टायरची हवा आणि सीटची गादी ठरवता येईल. बाबा, त्या दोन दिवसांत मला गिअर कधी टाकायचा ते शिकवायचं नाही.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. गाडीचं जुनं मॅन्युअल तुमच्या कपाटात आहे. त्यात ट्रान्स्फर केसमध्ये किती तेल बसतं त्या पानाचा फोटो काढून पाठवा, मी पातळीवरून भरलंय पण ताळा करायचाय. आणि दोघांच्या बॅगा भरून वजनकाट्यावर ठेवा, आकडे कळवा. बाबा, हत्यारांची पेटी वेगळी मोजा, बॅगेत लपवून आणू नका.

तुमची,
लेक